बायपोलार असलेल्या बायकोला बाळ हवंय, तर गोळ्या बंद करायच्या का?

एका नवऱ्याचा मेल आलाय. थोडक्यात सांगायचं तर लग्नानंतर बायको त्याच्याकडे परदेशात आली, डिपेंडंट व्हिसावर, पहिल्या हिवाळ्यात तिला खूप डिप्रेशन आलं, डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली आणि काही आठवड्यांत सगळं उलटंच झालं, रात्र रात्र जागी, पहाटे चारला ऑनलाइन ऑर्डरी, बोलणं थांबेना, आणि अडवलं की भडका. मग सायकियाट्रिस्टनी बायपोलार सांगितलं, म्हणजे कधी खोल डिप्रेशन तर कधी असा अति उत्साहाचा काळ, असा मनाचा आजार, व्हॅल्प्रोएट ही मूड स्थिर ठेवणारी गोळी सुरू केली, आणि आता वर्षभर ती छान आहे. दोघांना बाळ हवंय. घरचे म्हणतायत की आता बरी आहे ना, मग हळूच बंद करून टाका त्या गोळ्या, कशाला बाळाला त्रास. "काय करू, सांगा," असं त्यानं लिहिलंय.

दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि व्हॅल्प्रोएट चालू असताना प्रेग्नन्सीही होऊ द्यायची नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळायच्यात, म्हणून याच आठवड्यात सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घ्या आणि औषध बदलून होईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा. व्हॅल्प्रोएट (डेपाकोट, एपिलिम, एन्कोरेट अशा नावांनी मिळतं, तेच हे) गरोदरपणात घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग असतं, पाठीच्या कण्याचं, हृदयाचं, टाळूचं, आणि दहातल्या तीन-चार मुलांना पुढे शिकण्या-बोलण्याच्या वाढीत अडचण येते. म्हणूनच ब्रिटनमध्ये 2018 पासून मूल होऊ शकेल अशा बाईला हे औषध प्रेग्नन्सी टाळण्याच्या ठरलेल्या व्यवस्थेशिवाय देत नाहीत, आणि जानेवारी 2024 पासून 55 च्या आतल्या कुणालाही नव्यानं सुरू करायचं तर दोन स्पेशालिस्टचं एकमत लागतं. तुमच्या डॉक्टरांनी हे आधी बोलून दाखवलं नसेल तर तुम्ही विचारा, संकोच करू नका.

पण "मग आजच थांबवतो" हेही नको. मूड स्टॅबिलायझर (व्हॅल्प्रोएटसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध) एकदम थांबवला की आजार परत उसळायची शक्यता खूप वाढते, आणि गरोदरपणात मेनिया (तोच न झोपता सुसाट सुटण्याचा काळ) आला तर झोप, खाणं, तपासण्या सगळंच कोसळतं, त्यात बाळाचंही नुकसानच आहे. त्यामुळे घरच्यांना हे नीट समजावून सांगा की प्रश्न "गोळ्या की बाळ" असा नाहीये, कुठली गोळी आणि कधी असा आहे. डॉक्टर सहसा नवीन औषध हळूहळू वाढवतात, जुनं हळूहळू कमी करतात, मग काही महिने ती त्या नव्या औषधावर स्थिर आहे ना ते बघतात, आणि त्यानंतर प्रयत्न करा म्हणतात. याला वेळ लागतो, म्हणून सुरुवात आत्ताच करायची. फॉलिक ॲसिड किती घ्यायचं तेही डॉक्टरांकडूनच घ्या, दुकानातली नेहमीची गोळी पुरेल असं धरू नका.

पर्याय काय काय असतात? लिथियम, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन ही नावं तुमच्या कानावर येतील. लिथियमचा मेनियावरचा उपयोग 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला आणि आजही ते सगळ्यात भरवशाच्या औषधांमध्ये आहे, आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणूनही ते ओळखलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाचा धोका थोडा वाढतो, पण पूर्वी जितकी भीती घालायचे तितका तो नाही, आणि सोनोग्राफीत हृदय नीट बघता येतं. मात्र गरोदरपणात किडनी लिथियम जास्त वेगानं बाहेर टाकते म्हणून रक्तातली लेव्हल खाली येते, आणि डिलिव्हरीनंतर उलट पटकन वर जाते, त्यामुळे लेव्हल वारंवार तपासावी लागते (शेवटची गोळी घेतल्यावर बारा तासांनी रक्त द्यायचं, गोळी घेऊन लगेच नाही). शिवाय थायरॉइड आणि किडनी बघत राहायचं, लिथियमनं थायरॉइड मंदावणं बायकांमध्ये जास्त होतं आणि मग तो थकवा डिप्रेशनचाच आहे असं वाटून चुकीच्या दिशेनं जायला होतं. आणि एक, घरातली ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम लिथियम घेणाऱ्या बाईला देऊ नका, आयबुप्रोफेननं लेव्हल वाढते. जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, पाणी कमी पडलं तरी वाढते, अशा वेळी लगेच डॉक्टरांना फोन. हात जास्त थरथरायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ जड होतेय असं दिसलं तर वाट न बघता इमर्जन्सीत जा.

लॅमोट्रिजिन डिप्रेशनकडे झुकणाऱ्या बायपोलारमध्ये कामाला येतं, आणि बायकांमध्ये तो प्रकार बराच दिसतो. म्हणून तर कित्येक जणींचं निदान आधी नुसतं डिप्रेशन असं होतं आणि एकट्या अँटीडिप्रेसंटवर मेनिया उसळतो, तुमच्याकडे झालं तेच. लॅमोट्रिजिन अगदी हळू वाढवतात कारण घाईनं वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. काही दिवस गोळ्या चुकल्या असतील तर थेट जुन्या डोसवर जायचं नाही, आधी विचारायचं. आणि ज्यांना आत्ता मूल नकोय त्या वाचक मैत्रिणींसाठी, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीनं रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळपास निम्म्यावर येऊ शकतं, आणि कार्बामाझेपिन घेत असाल तर गर्भनिरोधक गोळीच नीट लागू पडत नाही. गायनॅकला सगळी औषधं सांगा, सायकियाट्रिस्टचीसुद्धा, लपवू नका.

आता डिलिव्हरीनंतरचं, कारण माझ्या मते याची तयारी सगळ्यात कमी होते. बायपोलार वन (ज्यात पूर्ण मेनिया येतो तो प्रकार) असलेल्या साधारण पाचातल्या एका बाईला बाळंतपणानंतर सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, होऊ शकतो, इतर बायकांमध्ये हे प्रमाण हजारात एक-दोन असतं. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं आणि तासातासानं रूप बदलतं, सकाळी ती नुसती उत्साहात वाटते, दुपारी गोंधळलेली, रात्री म्हणते बाळ बदललंय, कुणीतरी बघतंय. ही इमर्जन्सी आहे, "बाळंतीण दमलीय" म्हणून दोन दिवस थांबायचं नाही आणि तिला बाळाबरोबर एकटं सोडायचं नाही. उपचारानं बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, हे तिला आधीच सांगून ठेवा. ब्रिटनमध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवणारी युनिट्स आहेत. तुम्ही कुठेही असलात तरी पेरिनेटल सायकियाट्रिस्ट (गरोदरपण आणि बाळंतपणाच्या काळातले मनाचे डॉक्टर) मिळेल का ते आत्ताच विचारा, आणि कुठल्या लक्षणाला कुणाला फोन करायचा, कुठल्या हॉस्पिटलला जायचं, कुठलं औषध लगेच सुरू करायचं हे सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कागदावर असू द्या.

त्या कागदात झोप सगळ्यात वर लिहा. सलग झोप मोडणं हा मेनियाचा मोठा ट्रिगर आहे, म्हणजे रात्रीचं दूध, रात्रीचं रडणं निदान एक सलग पाच-सहा तास तरी तुम्ही किंवा आलेली आई-सासूबाई कुणीतरी घ्यायचं. वरचं दूध द्यावं लागलं तर लागलं, लिथियम चालू असेल तर अंगावर पाजण्याबद्दल तसंही डॉक्टरांशी नीट बोलावं लागतं, आणि त्यावरून तिला कुणी बोलता कामा नये, हे तुम्हीच ठामपणे सांगायचं. भारतात ये-जा करतानाही तेच, लांबच्या फ्लाइटनंतर पहिले काही दिवस पाहुणे-कार्यक्रम कमी ठेवा, औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत, आणि टाइमझोन बदलला की गोळीची वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी विचारून ठेवा.

आणि हा कागद तिनंच लिहायला हवा, ती बरी असताना, म्हणजे आत्ता. तिचा पहिला इशारा काय असतो ते तिलाच माहीत असतं, कुणाचं तीन तासांची झोप पुरणं, कुणाचं रात्री दोनला एकामागून एक व्हॉइस नोट पाठवणं. तेव्हा क्रेडिट कार्डाचं काय करायचं, डॉक्टरांना तुम्ही फोन केलेला चालेल का, कुणाला कळलेलं चालेल आणि कुणाला नाही, सगळं तिच्या शब्दांत. एरवी मात्र प्रत्येक भांडणात "आज गोळी घेतलीस का?" हे बंद. ती कधीकधी नुसती चिडलेली असते, तुमच्यावर, आणि तिला तेवढा हक्क आहे.

औषधासोबत थेरपी लागतेच. एलन फ्रँक यांनी झोप, जेवण, कामाच्या वेळा स्थिर ठेवण्यावर उभी केलेली सोशल रिदम थेरपी आहे, डेव्हिड मिक्लोविट्झ यांची फॅमिली फोकस्ड थेरपी आहे ज्यात घरातले सगळे बसतात, जिथे मिळेल तिथे जरूर घ्या. तिला इंग्रजीत मन मोकळं करता येत नसेल तर हॉस्पिटलकडे मराठी इंटरप्रिटर मागा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात सरकारी पैशावर चालणाऱ्या आरोग्यसेवेत त्याची मोफत सोय मागता येते. तुम्ही स्वतः इंटरप्रिटर होऊ नका. तुमच्यासमोर ती सासरबद्दल, व्हिसाच्या भीतीबद्दल, मरावंसं वाटण्याबद्दल बोलेलच असं नाही. तिला डॉक्टरांशी एकटीला बोलायला वेळ मिळायलाच हवा.

सपोर्ट ग्रुपसाठी ब्रिटनमध्ये बायपोलार यूके, अमेरिकेत डिप्रेशन अँड बायपोलार सपोर्ट अलायन्स, बाळंतपणाच्या काळासाठी पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल, यांचे ऑनलाइन ग्रुपही असतात, आणि घरच्यांसाठीही मदत असते, ती तुम्ही घ्या. रात्री-अपरात्री जिवाची भीती वाटली तर अमेरिका आणि कॅनडात 988, इंग्लंडमध्ये 111 लावून 2 दाबायचं, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन 13 11 14, भारतात असाल तर टेली-मानस 14416, आणि धोका अगदी समोर असेल तर सरळ त्या देशाचा इमर्जन्सी नंबर. अपॉइंटमेंटला फोन कराल तेव्हा रिसेप्शनला एवढंच सांगा, "व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि आम्हाला प्रेग्नन्सी प्लॅन करायचीय", म्हणजे लवकरची तारीख मागायला कारण मिळेल.