वाशीच्या मसाला मार्केटमध्येही खारीक आणि सैंधव महाग का? शेजारी देशांतला व्यापार बंद पडल्याचा हा परिणाम आहे का?

हो, मोठा वाटा त्याचाच आहे. मी या मार्केटमध्ये सुक्या मेव्याच्या गाळ्यावर खरेदीचा हिशेब बघतो. डिंकाच्या लाडवांना लागणारी खारीक पूर्वी मुख्यतः पाकिस्तानातल्या सिंधमधून यायची आणि सैंधव तिथल्याच पंजाब प्रांतातल्या खेवड्याच्या मिठाच्या खाणीतून. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं, मे २०२५ पासून तर दुसऱ्या देशातून फिरवून आणलेल्या पाकिस्तानी मालावरही बंदी आहे. जवळचा माल गेला की लांबचा घ्यावा लागतो, भाडं वाढतं, आणि तो फरक शेवटी बाळंतिणीसाठी पाव किलो खारीक नेणाऱ्या घरावर पडतो.

सीमेपलीकडेही हेच. डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात थांबवली आणि बांगलादेशात कांदा एकदम भडकला. त्यांची काही चूक नसताना. दक्षिण आशियाई देशांमधला मुक्त व्यापाराचा साफ्टा करार २००६ पासून आहे, तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के.

मात्र सगळी भाववाढ यामुळेच नाही. प्रत, हंगाम आणि रुपयाचा दर यांनीही भाव हलतो, म्हणून खारीक घेताना एकाच प्रतीचे दर दोन-तीन गाळ्यांवर विचारा.