कोलेस्टेरॉल नॉर्मल, पण एचएस-सीआरपी ४.२. हार्ट अटॅकचा धोका आहे का?

एका आकड्यावरून घाबरू नका. रक्त दिलं त्या आठवड्यात सर्दी-खोकला, सुजलेली हिरडी, दाढदुखी असं काही होतं का, ते आधी आठवा. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. नेमका कुठे, ते मात्र सांगत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी, तब्येत ठणठणीत असताना पुन्हा तपासा. १० च्या वर गेला तर बहुधा संसर्ग किंवा दुसरा एखादा दाह.

दोन्ही वेळा ३ च्या वर (मिलिग्रॅम प्रति लिटर) राहिला तर धोका सरासरीहून जास्त धरतात, १ च्या खाली कमी. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली, पण सीआरपी २ किंवा जास्त असलेले सुमारे १७,८०० लोक होते. रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने त्यांच्यातले हृदयविकार-पक्षाघाताचे प्रकार ४४ टक्क्यांनी घटले. तरी सीआरपी स्वतः धमन्या बिघडवतो असं जनुकीय अभ्यासांत दिसलं नाही, त्यामुळे तो 'उतरवण्याच्या' काढ्यांवर पैसे घालवू नका. तंबाखू, पोटाचा घेर, बीपी, साखर हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि हो, साधा सीआरपी किंवा ईएसआर (दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) यासाठी चालत नाही. चिठ्ठीवर 'एचएस' (हाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जास्त बारकाईने मोजणारी तपासणी) लिहिलंय ना, बघा.