इंग्लंडमधल्या मूरलँड (म्हणजे उंचावरचा उघडा माळ) भागातल्या दरीचं निसर्गसौंदर्य नेमकं कशावरून ठरवतात?

नुसतं "किती सुंदर दिसतं" यावरून नाही ठरवत. तिकडे लँडस्केप कॅरेक्टर असेसमेंट म्हणून पद्धत आहे, त्यात जागेला मार्क देत नाहीत, तिचा स्वभाव लिहून काढतात. म्हणजे खडक, माती, पाणी, झाडं, शेतं, घरं आणि तिथं उभं राहिल्यावर काय ऐकू येतं, किती निवांत वाटतं हेसुद्धा.

यॉर्कशरमधली फार्नडेल दरी घ्या, नॉर्थ यॉर्क मूर्स नॅशनल पार्कमध्ये आहे (हा पार्क १९५२ चा). वर उघडाबोडका माळ, ऑगस्टमध्ये हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलून सगळा जांभळा होतो, खाली डव्ह नदी, मार्च-एप्रिलमध्ये तिच्या काठानं रानटी डॅफोडिल्स, आणि मधे चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती, जवळ जाऊन बघा, दगडांवर राखाडी दगडफूल चढलेलं असतं. वसंतात वरती कर्ल्यू पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकू येते, आणि खरं सांगतो, फोटोत हीच गोष्ट येत नाही.

आता महत्त्वाचं, हा माळ म्हणजे अस्पर्श निसर्ग नाहीये! हजारो वर्षांपूर्वी माणसानं जंगल तोडलं, मग मेंढ्या चरल्या, हेदर ठरवून जाळत आले, म्हणून तो असा उघडा राहिला. त्यामुळे माणसाचा हात दिसला म्हणून जागेची किंमत कमी धरू नका. शेजारच्या रोझडेलमध्ये तर लोखंडाच्या खाणींच्या जुन्या भट्ट्याच आता दरीची ओळख झाल्यात.

माझ्या मते एकदा जाऊन भागत नाही, निदान दोन ऋतूंत तरी बघायला हवं.