चौदा महिन्यांचा घरखर्च दोन जुन्या गाड्यांवर घालावा का?

पत्र थोडक्यात असं आहे. "वय ६१. दीड वर्षात निवृत्त होईन, पेन्शन नाही. साठवलेली रक्कम आजच्या घरखर्चाने मोजली तर २२ वर्षं पुरेल. बायको माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दोन जुन्या गाड्या आहेत. १९७५ची होंडा सीबी ७५० चालू आहे, पण ब्रेक आणि वायरिंग थकलंय. यामाहा आरडी ३५० नऊ वर्षं खोक्यांत उघडून पडलीय. माझा मेकॅनिक सत्तरीचा आहे आणि वर्षभरात काम थांबवतोय. जाण्याआधी दोन्ही गाड्या नव्यासारख्या करून देतो म्हणतो. आरडीला ८ महिन्यांच्या घरखर्चाइतके लागतील आणि सीबीला ६. सीबीच्या सहापैकी साडेतीन रंग, क्रोम आणि सीटचे. आज विकल्या तर सीबीचे ९ महिन्यांइतके येतील, आरडीचे ३. आरडी पूर्ण झाली तर ७. हे १४ महिन्यांचे पैसे निवृत्तीच्या रकमेतून काढू का? की दोन्ही विकून ६ महिन्यांच्या खर्चात बसणारी हलकी, एबीएसवाली (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा असलेली) नवी गाडी घेऊ? उजवा गुडघा दुखतो, मोतीबिंदूची सुरुवात आहे. मुलीला गाड्यांत रस नाही. बायको म्हणते, तुम्हाला वाटेल ते करा, पण एकदाच काय ते ठरवा."

पैशांचा हिशेब तुम्ही महिन्यांच्या घरखर्चात मांडलात, हे फार बरं केलंत. रकमेचा आकडा नुसता आकडा वाटतो. 'चौदा महिने' म्हटलं की त्या पैशांत काय काय भागलं असतं ते डोळ्यांसमोर येतं.

निवृत्तीच्या रकमेतून हे पैसे काढू नका. २२ वर्षं म्हणजे २६४ महिने. त्यातले १४ गेले की २५० उरतात, म्हणजे वीस वर्षं दहा महिने. गुंतवणुकीची वाढ आणि महागाई एकमेकींना खाऊन टाकतात असं धरू. आज तुमची रक्कम तुमच्या चौऱ्याऐंशीपर्यंत पुरते, गाड्या केल्यावर त्र्याऐंशीपर्यंत. ऐकायला फरक लहान वाटतो. पण तुम्ही त्र्याऐंशीचे असाल तेव्हा बायको सत्त्याहत्तरची असेल. कमी पडलेले ते चौदा महिने बहुधा तिच्या वाट्याला येतील. निवृत्तीच्या रकमेबद्दल विल्यम बेंगन यांनी १९९४ साली मांडलेला ठोकताळा बऱ्याच जणांना माहीत असतो: पहिल्या वर्षी चार टक्के काढा, पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत जा. याचा अर्थ हाताशी २५ वर्षांचा खर्च हवा. ते गणित अमेरिकेतल्या बाजारावर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेलं आहे, सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही. तरी तुमची २२ वर्षं त्या मापालाही थोडी तोकडीच आहेत. शिवाय निवृत्तीच्या तोंडावर काढलेला पैसा सगळ्यात महाग पडतो. त्याच्या मागोमाग बाजार पडला तर भरून काढायला ना पगार असतो ना पुरेसा वेळ.

आता आरडी. आज तिचे ३ येतात. त्यात ८ घातले की ११ झाले आणि हातात ७ची गाडी आली. घालायचे ८ आणि वाढायचे ४. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही. हौसेचा खर्च करू नये असं मी कधीच म्हणत नाही, त्याला हौसेचंच नाव द्यावं इतकंच. आणि आठचा अंदाज आठवर थांबेल असं मला वाटत नाही. टू-स्ट्रोक इंजिन नऊ वर्षं पडून राहिलं की क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील कडक होतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हवाबंद राहावी लागते. सीलमधून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि गाडी चालता चालता सीझ होते, म्हणजे पिस्टन जागेवरच अडकतो. क्रँक पूर्ण उघडल्याशिवाय बेअरिंगवरचा गंज दिसत नाही. सिलिंडर याआधी किती वेळा बोअर झालाय, म्हणजे आतून घासून मोठा केलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने येतात आणि त्या पायऱ्या मोजक्याच असतात. शेवटची संपली की सिलिंडरच्या आत नवी स्लीव्ह (नळी) घालावी लागते, आणि खर्चाचा नवा खड्डा पडतो.

माझ्या वडिलांची गाडी मी सहा वर्षं अशीच उघडून ठेवली होती. दर सुट्टीत बांधायला घेऊ म्हणायचो. शेवटी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने भाग जमिनीवर मांडले आणि काय काय नाही ते एकेक करून सांगितलं. ती संध्याकाळ मला अजून आठवते, म्हणून तुमच्या खोक्यांबद्दल जरा जोर देऊन लिहितोय.

आरडीच्या बाजूने तुमचा एक मुद्दा असेल, आणि तो खरा आहे: ती हलकी आहे. भरल्या टाकीला सीबी २३० किलोच्या आसपास जाते, आरडी १६०च्या. वय वाढतं तसं ढकलायला, वळवायला, पार्किंगमधून मागे ओढायला हलकी गाडी हवीशी वाटते. पण आरडीला फक्त किक आहे, आणि किक उजव्या बाजूला. तुमचा दुखरा गुडघा उजवाच. सीबी जड असली तरी तिला सेल्फ आहे. भर रस्त्यात इंजिन बंद पडलं की हा फरक कळतो.

तेव्हा माझं मत असं. आरडी आहे तशी, खोक्यांसकट विका. सीबी ठेवा, पण तिला नवी करू नका, रस्त्यावर भरवशाची करा. रंग, क्रोम आणि सीटचे साडेतीन महिने वाचले की कामाचे अडीच उरतात. आरडीचे तीन येणार आहेत. त्यातून सीबीचं काम होतं, अर्धा महिना शिल्लक राहतो आणि निवृत्तीच्या रकमेला हातही लागत नाही.

त्या अडीच महिन्यांत पहिला पैसा ब्रेक आणि टायरवर. जुने रबरी ब्रेक होज आतून फुगतात, लिव्हर दाबला तर मऊ लागतो आणि गाडी उशिरा थांबते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायला हवं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाला थोडीच चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारं होतं. दहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी काढा. मग वायरिंग आणि चार्जिंग. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी.

उरलेल्या अर्ध्या महिन्यात गॅस्केटचा सेट, केबली, पॉइंट आणि कंडेन्सर (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग) घेऊन ठेवा. या मॉडेलच्या गाड्या चार लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे भाग अजून मिळतात. माणूस मिळणं कठीण होत चाललंय. म्हणून मेकॅनिकच्या उरलेल्या वर्षातले काही दिवस दुरुस्तीसाठी नाही, शिकण्यासाठी विकत घ्या. त्याला दिवसाचा मोबदला द्या आणि शेजारी बसा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, कसे सेट करायचे (इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.०८ मिमी, इंजिन थंड असताना), दोन्ही पॉइंटचं टायमिंग कसं बघायचं, चार कार्ब्युरेटर गेज लावून एकसारखे कसे करायचे, हे वहीत लिहून घ्या. फोनवर चित्रीकरणही करा. त्याने काम थांबवल्यावर दर लहान कामाला अनोळखी हात शोधावा लागला तर पैसे जातातच, कधीकधी इंजिनही जातं.

नवी गाडी आत्ता घेऊ नका, हेही सांगतो. एबीएसची मला किंमत आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला गेला तर तेवढीच एक गोष्ट तुम्हाला सावरते. पण तुमच्या डोळ्यांचा निर्णय अजून व्हायचाय. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, आणि मोतीबिंदू समोरच्या हेडलाइटचा झोत पसरवतो. शस्त्रक्रियेनंतर दिसणं बहुतेकांचं पुष्कळ सुधारतं. आधी ते होऊ द्या, गुडघ्याचं निदान होऊ द्या, मग वर्षभर सीबी चालवून बघा. तेव्हा ती जड वाटली तर विका आणि हलकी घ्या. चालू गाडीचे ९ तुमच्याकडे आहेतच, नवीचे ६. हा रस्ता बंद होत नाही. आरडी बांधायला घेतली तर मात्र बंद होतो, कारण उघडलेल्या गाडीत अडकलेला पैसा लवकर बाहेर येत नाही.

बायकोने म्हटलंय की एकदाच ठरवा. ते खरोखर करता येईल. आज, डोकं शांत असताना, दोघांनी बसून कागदावर लिहा की कोणत्या दिवशी सीबी विकायची. माझ्या मते तीन अटी पुरेत. गाडी एकट्याने डबल स्टँडवर चढवता आली नाही. मान वळवून मागचं बघता येईनासं झालं. किंवा एका वर्षाचा दुरुस्तीखर्च एका महिन्याच्या घरखर्चापुढे गेला. यातली एक जरी खरी झाली तरी तिथून तीन महिन्यांत विक्री. त्या वेळचे तुम्ही हळवे असाल, म्हणून आजच्या तुम्ही लिहायचं. थांबण्यात किंमतही जाते असं माझं निरीक्षण आहे. अशा गाड्यांना दाम देणारे बहुतेक तारुण्यात त्यांची स्वप्नं बघितलेले लोक असतात, आणि तेही तुमच्याबरोबरच म्हातारे होताहेत.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. सीबीचा विमा बाजारभावाने आहे की आधी ठरवून घेतलेल्या किमतीचा, ते तपासा. पन्नास वर्षांच्या गाडीचा 'बाजारभाव' कागदावर जवळजवळ शून्य निघू शकतो. आणि निवृत्तीबरोबर नोकरीतला आरोग्य विमा संपत असेल तर स्वतःचा आत्ताच घ्या, त्यात मोटरसायकलच्या अपघाताला वगळलेलं नाही ना ते वाचून. या वयात मोडलेलं हाड सावकाश जुळतं आणि त्याचा खर्च गाडीच्या खर्चाला सहज मागे टाकतो.

या रविवारी खोकी उघडा. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावा, फोटो काढा, नसलेल्या भागांची वेगळी यादी करा आणि ती घेणाऱ्याला आपणहून दाखवा. सगळ्यात आधी क्रँककेस आणि फ्रेमवरचे नंबर कागदपत्रांशी जुळतात का बघा. जुळत नसतील तर ३ महिन्यांचा तो अंदाज टिकणार नाही आणि मला वरचं गणित पुन्हा करावं लागेल. तसं झालं तर मला लगेच कळवा, सीबीचं काम सुरू करायच्या आधी.