वादळानंतर दिवेआगर किती दिवसांत सावरलं? अशा गावात लगेच फिरायला जावं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. वादळ येऊन गेल्यावर किनाऱ्यावरच्या गावात लगेच जावं की लोकांना आधी सावरू द्यावं, हा एक. आणि निसर्ग वादळानंतर दिवेआगरचं पर्यटन पूर्ववत व्हायला किती दिवस लागले, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. पाच महिने. 3 जून 2020ला वादळ आलं आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत गावात गाडी लावायला जागा नव्हती. लोक कोरोनात घरी बसून कंटाळले होते, जिल्ह्याबाहेर पडायला परवानगी मिळाल्यावर सगळे किनाऱ्याकडे धावले.

पण हे उत्तर मला स्वतःला मान्य नाही. गाड्या मोजून गाव सावरलं की नाही ते ठरवतात, त्या सगळ्यांशी माझं भांडण आहे. त्यांतले एक माझ्या घरातलेच आहेत.

आमची वाडी दिवेआगरातच, 24 गुंठ्यांची, यांची आणि भावजींची निम्मी-निम्मी. वाडीच्या कडेला आमच्या चार खोल्या, न्याहारी-निवासाच्या. वादळाच्या आदल्या दिवशी वाडीत 310 पोफळी (सुपारीची झाडं), 38 माड आणि दोन जायफळं होती. आकडे पक्के आहेत, कारण माझ्या सासूबाईंना झाडं ओळीनं पाठ होती. शिपण्याच्या पाळ्या त्याच लावायच्या.

त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. आम्ही सगळे माजघरात. माड मुळासकट उपटतो, पोफळ कमरेत मोडते, आणि मोडताना शेजारच्या दोघींना घेऊन पडते. आधी एकेक आवाज कळत होता, नंतर नुसता कडकडाट. तीननंतर यांनी मागचं दार ढकलून उघडलं तर समोर समुद्र.

माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या कितीतरी आधीपासून या घरात. आमच्यापैकी कुणीही मागच्या दारातून समुद्र पाहिलेला नव्हता. आधी वाडी, मग केवडा, मग सुरूचं बन. गाज रात्रंदिवस ऐकू यायची, पाणी दिसायचं नाही. त्या दिवशी लाट फुटताना दिसत होती. मोजणी दोन दिवसांनी केली. 41 पोफळी उभ्या, 19 माड उभे. जायफळं दोन्ही गेली.

पुढचा महिना कसा गेला ते थोडक्यात सांगते. सव्वा महिना वीज नव्हती, म्हणजे विहिरीवरचा पंप नव्हता. चौघांत मिळून जनरेटर भाड्यानं आणायचा आणि आळीपाळीनं टाक्या भरून घ्यायच्या. फोन बंद, आम्ही जिवंत आहोत हे ठाण्याला भावजींना चौथ्या दिवशी कळलं. मदत आधी हेक्टरी 50 हजार जाहीर झाली. कोकणात हेक्टरात वाडी कुणाची असते? आमच्या 24 गुंठ्यांचे त्या हिशेबानं 12 हजार होतात. तेवढ्यात पडलेली झाडं कापून बाहेरसुद्धा काढता येत नव्हती. पुढे झाडावार हिशेब आला, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. झाडं बाहेर काढायची घाई यासाठी असते की आडवा माड कुजला की त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि जो माड वादळातून वाचला त्याचा कोंब खातो. लाकूड कापायची यंत्रं मिळत नव्हती, मिळाली तर माणूस मिळत नव्हता. पावसाळाभर आम्ही दोघं आणि दोन गडी ओंडके ओढत होतो. कौलं कुठेच शिल्लक नव्हती, म्हणून खोल्यांवर पत्रे घातले.

आता दिवाळी. पुण्याचं एक कुटुंब सहा वर्षं न चुकता दिवाळीत आमच्याकडे उतरायचं. माणसं चांगली. वादळाची बातमी ऐकून त्यांनी न विचारता यांच्या खात्यावर पाच हजार पाठवले होते. त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, वाडी राहिलेली नाही, तुम्हाला आवडणार नाही. ते म्हणाले, तुम्हाला आधार म्हणून येतोय. मला भरून आलं होतं.

ते आले, गाडीतून उतरले, बोळातून थेट मागे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘अरे वा! आता सी-व्ह्यू झाला की!’

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आई पडवीत वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत गेल्या. दरवर्षी त्या लोकांना मोदक त्या स्वतः वाढायच्या, वर तूप घालून. त्या वेळी चारही दिवस बाहेर आल्या नाहीत.

दुपारी त्याच गृहस्थांनी विचारलं, खोलीला एसी नाही का, आत बसवत नाही. सहा वर्षांत त्यांनी कधी एसी विचारला नव्हता. आमच्याकडे मे महिन्यातही पाहुणे पंख्यावर झोपायचे, कारण खोल्यांवर दिवसभर पोफळींची सावली असायची आणि वर कौलं होती. आता वर पत्रा आणि त्यावर थेट ऊन.

भावजी दिवाळीला आले होते, त्यांनी हे सगळं ऐकलं. रात्री ओटीवर म्हणाले, ‘वहिनी, बघितलंत ना? लोकांना समुद्र हवा आणि एसी हवा. पोफळी बघायला पुण्याहून कोण येतं? वाडीत भर घालू, बारा खोल्या काढू, मागे पोहण्याचा तलाव करू. सी-व्ह्यू फुकट मिळालाय.’ मी म्हटलं, सावली गेली म्हणून एसी मागतायत. त्यांनी विचारलं, ‘सावली परत यायला दहा वर्षं. तोवर खायचं काय?’

प्रश्न रास्त होता आणि त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. यांनी तर तोंडच उघडलं नाही. डिसेंबरात भावजींनी जेसीबी आणून आपले बारा गुंठे सपाट केले. त्यांच्या वाट्याला वादळानं सतरा पोफळी उभ्या ठेवल्या होत्या. त्याही गेल्या. त्या पोफळी माणसानं पाडल्या, वादळानं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे आणि इथेही लिहिते.

उत्तर मला पुढच्या वर्षभरात सापडलं. पोफळ काही ऊन-वाऱ्यात उघडी लावून येत नाही. आधी केळी लावायची, कारण कोवळ्या खोडाला दक्षिण-पश्चिमेचं ऊन लागलं की खोड भाजतं आणि पुढे तिथेच मोडतं. केळी जानेवारीत लावली. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि त्यातली बरीच आडवी केली, ती परत लावली. सुरूचं बन गेल्यामुळे खारा वारा सरळ आत येत होता, पानांची टोकं करपत होती, म्हणून पश्चिमेला झावळ्यांचा कूड घातला. मग जूनमध्ये पावणेतीन मीटरवर खड्डे घेऊन 140 रोपं लावली, सुपारीच्या रोठा जातीचीच. या सगळ्याला पैसे कुठून आले? पाहुण्यांचे. त्या दिवाळीच्या आणि नाताळच्या पाहुण्यांनी जे दिलं त्यातून रोपं आली, कूड आला, गड्यांची मजुरी निघाली. म्हणजे भावजी, तोवर खायचं काय या प्रश्नाचं उत्तर पर्यटन हेच आहे, ते मी नाकारत नाही. पाहुण्यांच्या पैशानं वाडी उभी करायची की वाडीच्या जागेवर पाहुणे बसवायचे, एवढाच आपल्यातला वाद आहे.

आणि दिवेआगरला लोक येतात ते मुळात कशामुळे? 1997 साली सोन्याचा गणपती, म्हणजे गणपतीचा सोन्याचा मुखवटा, सापडला, तेव्हापासून गावात बाहेरची माणसं राहायला यायला लागली. तो सापडला पोफळीच्या वाडीत, खणताना. 2012 मध्ये दरोडा पडून तो गेला तेव्हाही गाव ओस पडलं होतं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते की आता काहीतरी नवीन आकर्षण काढा. नवीन काही न काढताही माणसं हळूहळू परत आली. नोव्हेंबर 2021 मध्ये नवा मुखवटा बसला त्याआधीच आली होती. ती थंडाव्यासाठी आली, मोदकासाठी आली, वाडीतल्या पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायला आली. सपाट जागेवरच्या बारा खोल्या अलिबागपासून कुठेही मिळतात, त्यासाठी कुणी म्हसळ्याचा घाट उतरून येणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. पहिले तीन-चार आठवडे जाऊ नका. त्या दिवसांत पाहुणा म्हणजे आणखी दोन बादल्या पाणी, आणि पाणीच नसतं. जायचंच तर करवत, ताडपत्री, मेणबत्त्या घेऊन जा आणि संध्याकाळी परत फिरा. त्यानंतर मात्र जरूर जा. ज्या घरी आधी उतरला असाल त्याच घरी फोन करा, वीज आणि पाणी आलं का एवढंच विचारा. आलं असेल तर जा आणि भाव पाडून मागू नका. ‘आता झाडं नाहीत तर कमी करा’ हे मी दोन वर्षं ऐकलं आहे. झाडं नाहीत म्हणूनच त्या वर्षी पूर्ण पैसे हवे असतात. शहाळं, सुपारी, कोकम, जे काही उरलं असेल ते त्याच घरातून विकत घ्या. पडलेल्या घरासमोर फोटो काढू नका. गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, घालू नका, हे तर वादळ नसतानाही. वाळूवर पसरणारी मर्यादावेल वाळू धरून ठेवते आणि तिच्यावर चाकं फिरली की पुढच्या वादळाला आत यायला वाट होते. आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, ते वेगळंच.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी बोलू शकते कारण आमच्यावर कर्ज नव्हतं आणि यांचा शाळेतला पगार चालू होता. ज्यांचं घर आणि वाडी दोन्ही गेलं, त्यांनी उरलेल्या जागेवर खोल्या काढल्या असतील तर त्यांना मी एक शब्द बोलणार नाही, ती माणसं जगली हेच खूप झालं. आणि 2022 मध्ये दोन खोल्यांना आम्हालाही एसी बसवावा लागला, तेही लिहायला हवं. माझा अनुभव वाऱ्याचा आहे. जिथे पूर येऊन चिखल घरात शिरतो, जसं 2021च्या जुलैत चिपळूणला आणि महाडला झालं, तिथली गोष्ट निराळी. तिथे तुम्ही पाहुणे म्हणून जाण्यापेक्षा फावडं घेऊन जाणं जास्त उपयोगाचं.

आमच्याकडे आता केळी आणि पोफळींची सावली मागच्या दोन खोल्यांवर दुपारी तीनपर्यंत राहते. त्या खोल्यांत मार्च संपेपर्यंत पाहुणे एसी न लावता झोपतात. मागच्या दारातून समुद्र दिसेनासा झाला आहे, फक्त गाज येते. गेल्या वर्षी चार झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली, ती आईंना धरून नेऊन दाखवली. त्यांनी हात लावून पाहिला आणि पाचव्या ओळीत एक जागा रिकामी राहिली आहे असं मला सांगितलं. खरंच राहिली होती.

भावजी, तुम्ही हे वाचाल, कारण धाकटा तुम्हाला पाठवणारच. तुमच्या बारा गुंठ्यांत नुसतं गवत आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामाच्या, परवानगीत आणि कर्जात काम अडकलं, त्याचा मला आनंद नाही. आमच्याकडे वादळातून उभ्या राहिलेल्या ज्या चोवीस पोफळी आहेत, त्यांची सुपारी मी रोपांसाठी धरली होती. रोपं दीड वर्षाची झाली आहेत, 160 आहेत, तुमच्या भागाला पुरतील. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, यांनी काढून ठेवलेत, ते आधी लावावे लागतील. मृगाच्या आधी दोन दिवस सुट्टी काढून या.