ख्रिस्ती श्रद्धेबद्दल ऑफिसात बोलायची भीड वाटते, ती कशी घालवावी?

तुम्ही लिहिलंय की डबा खाताना सगळे वारी, उपवास, गुरुवारचा मठ यांवर बोलतात आणि तुमचं मात्र तोंडच उघडत नाही. मी ठाणे-वाशी लोकलने अकरा वर्षं ये-जा करतोय. पहिली सहा वर्षं मी रविवारी कुठे जातो हे आमच्या ग्रुपात कुणाला ठाऊक नव्हतं. आडनाव मराठी, बोली नगरची, मग कोण कशाला विचारतंय? एकदा डिसेंबरात घरी आलेल्या एकाने खिडकीतली नाताळची चांदणी बघून "दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाही?" असं विचारलं, तर मी "राहून गेलं" म्हणालो! आजही आठवलं की ओशाळायला होतं.

भीती एकच होती: हा आता आपल्याला बाटवायला बघणार, असं समोरच्याला वाटेल.

मग एकदा लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळातल्या काकांनी टाळ माझ्या हातात दिले. "नुसतं ऐकता काय, म्हणा एखादं." मला येत होती ती चर्चमधली. ना. वा. टिळकांचं एक म्हटलं, चाल अभंगाचीच, त्यामुळे सगळ्यांनी धरलं. रबाळे गेल्यावर काकांनी विचारलं, "हे कुणाचं?" या वेळी मी "राहून गेलं" म्हणालो नाही. टिळक कोकणातले ब्राह्मण, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः म्हणत, हे सांगितलं. काका खूश. पुढचा प्रश्न आलाच, "आणि तुमचं काय?" वडील गेले त्या महिन्यात मला कशाने धरून ठेवलं, तेवढं सांगितलं. घणसोली ते कोपरखैरणे. संपलं.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने, असं आहे. आपण "विचारणाऱ्याला" हा शब्द गाळून वाचतो आणि मग घाबरतो. विचारल्यावर टाळू नका, एवढंच करून बघा. "मी"ने सुरू होणारी वाक्यं बोला. "तुमचे देव"ने सुरू होणारं एकही नको. हाताखालच्या माणसाशी, पैशाच्या अडचणीत असलेल्याशी हा विषय आपणहून काढूच नका, तिथे तुमच्या शब्दाला भलतंच वजन येतं. घटनेच्या कलम 25 मध्ये धर्मप्रसाराचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलंय. मला तर त्याने हायसंच वाटलं. ते काम माझं नव्हेच.

काका अजून माळकरीच आहेत. मागच्या वर्षी सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी पहाटे त्यांचा फोन आला, "तुमच्याकडेही सांगून ठेवा." सांगितलं.