बेळगाव भागातून ग्रुप टूर घेताना: फिक्स्ड, जॉइनिंग-लीव्हिंग, प्रायव्हेट आणि यात्रा बस

तुमचा प्रश्न असा: खानापूरहून घरचे सहा जण, त्यात सत्तरीचे आईवडील, पहिल्यांदाच टूरबरोबर उत्तरेकडे जाणार. जाहिरातीतल्या ‘फिक्स्ड डिपार्चर’, ‘जॉइनिंग-लीव्हिंग’, ‘कस्टमाइज्ड’ या शब्दांचा अर्थ काय आणि कुठली टूर घ्यावी?

आधी टूर कुठून सुरू होते ते बघा. आपल्या भागातल्या लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात. मोठ्या कंपन्यांचे दर बहुधा ‘मुंबई ते मुंबई’ किंवा ‘पुणे ते पुणे’ असतात. बेळगाव-मुंबई जवळपास ४८० किलोमीटर. सकाळी सहाचं विमान असेल तर रात्रीच्या बसवर विसंबू नका. घाटात दोन तास अडकलात तर विमान जातं, आणि तो तोटा कंपनी सोसत नाही. आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करावा लागतो. सहा जणांचं जाण्यायेण्याचं भाडं, एका रात्रीच्या तीन खोल्या, टॅक्सी हे सगळं जाहिरातीतल्या आकड्यात मिळवा आणि मगच दर ताडून बघा.

फिक्स्ड डिपार्चर म्हणजे तारीख, मार्ग, हॉटेलं ठरलेली, अनोळखी तीस-चाळीस माणसं आणि सोबत टूर मॅनेजर. जॉइनिंग-लीव्हिंग म्हणजे तीच टूर, पण विमानाचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं. सांबरा (बेळगावचा विमानतळ), हुबळी किंवा गोवा, जिथून सोयीचं पडेल तिथून उडायचं आणि पहिल्या मुक्कामी ग्रुपला गाठायचं. आपल्याकडच्या माणसाला हा प्रकार खरोखर सोयीचा आहे, पण दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी ग्रुपच्या विमानाच्या वेळेलाच असते. तुम्ही चार तास आधी उतरलात तर टॅक्सी तुमची. दुसरं जास्त महाग पडतं: पुरेशी माणसं जमली नाहीत तर कंपनी ती तारीख रद्द करते किंवा दुसऱ्या तारखेत मिसळते. टूरचे पैसे परत मिळतात, स्वतः काढलेल्या विमान तिकिटाचे मिळतीलच असं नाही. म्हणून ‘ही तारीख नक्की निघणार’ असं लेखी आल्याशिवाय तिकीट काढू नका.

कस्टमाइज्ड किंवा प्रायव्हेट टूर म्हणजे गाडी आणि खोल्या फक्त तुमच्या. ड्रायव्हर असतो, टूर मॅनेजर बहुधा नसतो. माणशी खर्च वाढतो, पण वडिलांना दुपारी दोन तास पडायचं असेल तर कुणी घाई करत नाही. सहा जण आणि दोन म्हातारी माणसं असतील तर मी हीच घ्या म्हणेन.

गल्लीतलं मंडळ किंवा भजनी मंडळ मिळून पूर्ण बस ठरवतं, तिथला हिशोब वेगळा. भाडं दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरून लागतं, आणि दिवस मोजतात रात्री बारा ते बारा. शुक्रवारी रात्री दहाला निघून सोमवारी पहाटे एकला परत आलात तर तुमच्या लेखी दोन दिवस, बसवाल्याच्या लेखी चार. ३०० च्या हिशोबाने १२०० किलोमीटरचे पैसे, गाडी ८०० च फिरली असली तरी. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर निघा आणि रविवारी रात्री बाराच्या आत परत या, दोन दिवस वाचतात. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, परराज्याचं परमिट कुणाकडे, हे कागदावर घ्या. परमिटमध्ये घोळ असलेली गाडी कोगनोळीला, राज्याच्या सीमेवर, अडवली तर सगळी बस तिथेच खोळंबते.

आचारी सोबत असलेली यात्रा बस सगळ्यात स्वस्त. मुक्काम धर्मशाळेत, पुष्कळदा एकाच हॉलमध्ये खाली गादी. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ‘खाट आहे का, कमोड आहे का’ हे दोन प्रश्न आधीच विचारा. स्वयंपाक उतरल्यावरच व्हावा. रेल्वेत तर गॅस सिलिंडर नेऊच नये: २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले.

आयआरसीटीसीच्या भारत गौरव या पर्यटन रेल्वेगाडीत प्रवास, जेवण, मुक्काम एकत्र असतं. पण स्वस्त वर्गात काही ठिकाणी ‘वॉश अँड चेंज’ लिहिलेलं असतं, म्हणजे अंघोळ करून कपडे बदलण्यापुरती खोली, झोप गाडीतच.

दरपत्रकातले छोटे शब्दही वाचा. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. ‘ट्रिपल शेअरिंग’मध्ये तिसऱ्याला बहुधा जादा गादी मिळते, पलंग नाही, तुम्ही तीन डबल खोल्याच मागा. ‘फोटो स्टॉप’ लिहिलंय तिथे आत जाणं नाही.

तक्रारीसाठी मुंबई-पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. त्यासाठी पैसे बँकेतून भरा, पावतीवर टूरची तारीख घ्या आणि फोनवर झालेलं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून ‘हो’ मिळवून ठेवा.